बडोद्यातून रेल्वेत जायचंय? पुस्तकाआधी डोळे आणि कागद तपासा

आमच्या दांडिया बाजारात संध्याकाळी जिन्यावर हाक येते, "ताई, रेल्वेचा फॉर्म निघालाय, काय करू?" मी बडोद्याच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये, म्हणजे विजेच्या इंजिनांची देखभाल होते तिथे, सहाय्यक आहे. त्याआधी आयटीआय केलं, रेल्वेतच अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) झाले आणि पुढे लेव्हल-1 च्या, म्हणजे ग्रुप डीच्या, भरतीतून लागले. ज्या चुकांनी माझी झोप उडाली आणि माझ्या धाकट्या भावाची तीन वर्षं गेली, त्याच चुका आता आजूबाजूची पोरं करताना दिसतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

माझ्या माहितीतली बरीच मुलं परीक्षेत अडकत नाहीत. ती डोळ्यांत, नावाच्या स्पेलिंगमध्ये, दाखल्याच्या नमुन्यात अडकतात. तेही सगळा अभ्यास होऊन गेल्यावर, अगदी शेवटच्या पायरीला. म्हणून माझा क्रम क्लासवाल्यांपेक्षा उलटा आहे.

1. आधी डोळे तपासून घ्या

रेल्वेत प्रत्येक पदाला वैद्यकीय श्रेणी असते आणि तिचा मोठा भाग नजरेचा असतो. असिस्टंट लोको पायलटसाठी (इंजिनचालकाचा सहाय्यक) ए-1 लागते: दोन्ही डोळे चष्म्याशिवाय 6/6, शिवाय रंग ओळखणं आणि रात्रीचं दिसणं नीट. स्टेशन मास्तर, मालगाडीचा ट्रेन मॅनेजर (आधीचा गार्ड) आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) ही पदं ए-2 मध्ये येतात, तिथे चष्म्याशिवाय 6/9 लागतं. बी-1 मध्ये चष्मा चालतो, एका डोळ्याला 6/9 आणि दुसऱ्याला 6/12. अकाउंट्स क्लार्कसारख्या टेबलावरच्या कामांना सी-2 असते, ती बरीच सैल आहे.

ए-1 मध्ये एक फॉगिंग टेस्टही असते. डोळ्यासमोर +2 ची काच धरतात. त्या काचेतून तुम्हाला अक्षरं धूसर दिसायला हवीत. स्वच्छ दिसली, तर आत लपलेला प्लस नंबर आहे असा त्याचा अर्थ, आणि तिथे तुम्ही बाद. बिनचष्म्याची, सगळं छान दिसणारी मुलंही यात पकडली जातात.

आता माझ्या भावाचं सांगते. त्याला लहानपणापासून एकच वेड, इंजिन चालवायचं. चष्मा होता, मायनस सव्वाचा. ज्या क्लासला तो जायचा तिथल्या एका सरांनी सांगितलं, "लेसर करून नंबर काढून टाक, कुणाला कळत नाही." आईने गोठ मोडून ऑपरेशनचे पैसे दिले. त्याने पहिली संगणकीय परीक्षा काढली, दुसरी काढली, अॅप्टिट्यूड टेस्टही काढली. मेडिकलला डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लेसिक केलंय का?" लोको पायलटसाठी लेसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया चालत नाही. भरतीच्या सूचनेत तसं लिहिलेलंच असतं, पण आमच्या घरात कुणी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. त्या दिवशी तो घरी आला आणि बूट न काढता उंबऱ्यात बसून राहिला.

म्हणून पहिलं काम हेच करा. सयाजी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन तीन गोष्टी सांगा: चष्म्याशिवायची नजर मोजा, रंगीत ठिपक्यांची इशिहारा प्लेट दाखवा, +2 ची काच धरून बघा. तासाभराचं काम आहे. रंगांधळेपणा बहुतेक मुलग्यांना स्वतःला माहीतच नसतो, कारण तो असूनही रोजचं काही अडत नाही.

यातलाच आणखी एक खड्डा. एनटीपीसीत (तिकीट क्लार्क, स्टेशन मास्तर अशा पदांची भरती) पदांचा पसंतीक्रम भरावा लागतो. डोळे ए-2 चे नसताना वर स्टेशन मास्तर टाकलं, तेच मिळालं आणि मेडिकलला नापास झालात, तर बदल्यात दुसरं पद मिळत नाही. जी श्रेणी तुमचे डोळे नक्की पेलतील तीच पदं वर टाका.

2. नाव: दहावीची मार्कशीट आणि आधार जुळवा

बडोद्यातल्या मराठी घरांची ही खास अडचण आहे. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्यात आपली आडनावं गुजरातीतून इंग्रजीत जाताना रूप बदलतात. पवार कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने. शिंदेमधला एच कुणीतरी खाल्लेला. गायकवाडची तर तीन-तीन स्पेलिंगं एकाच घरात पाहिली आहेत मी.

रेल्वे भरती मंडळ दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण मानतं, आणि आधार त्याच्याशी तंतोतंत जुळवून घ्यायला सांगतं. आधार बदलणं सोपं, मार्कशीट बदलणं फार कठीण. म्हणून मार्कशीट समोर ठेवून, तोच क्रम आणि तेच स्पेलिंग घेऊन आधार दुरुस्त करा. त्याच फेरीत फोटो आणि बोटांचे ठसेही ताजे करून घ्या. शाळेत पाचवीला काढलेलं आधार असेल, तर परीक्षा केंद्रावर चेहरा जुळायला त्रास होतो.

हे फॉर्म निघायच्या आधी करा. तारीख जाहीर झाल्यावर आधार केंद्रावर रांग लागते आणि दुरुस्ती वेळेत होईल याची खात्री राहत नाही.

3. कागदपत्रं

प्लॅस्टिकच्या एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा:

- दहावीची मार्कशीट आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा हाच)
- बारावी, डिप्लोमा किंवा पदवी, जे असेल ते, सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांसह
- आयटीआयचं प्रमाणपत्र, एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीचं (केंद्राची किंवा राज्याची व्यावसायिक प्रशिक्षण परिषद)
- शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली एल.सी.
- आधार
- जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) दाखला, लागू असल्यास
- स्वतःच्या नावावर चालू असलेलं बँक खातं
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे ताजे फोटो, एकाच वेळी काढलेले, निदान डझनभर

दाखल्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ओबीसीचा दाखला रेल्वेला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, नॉन-क्रीमीलेयरसह. गुजरातमध्ये राज्याच्या कामासाठी एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) दाखला मिळतो, तो वेगळा. मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रात खिडकीवर नुसतं "ओबीसीचा दाखला द्या" म्हटलंत तर राज्याचाच हातात येण्याची शक्यता मोठी. "केंद्र सरकारच्या नोकरीसाठी, इंग्रजी नमुना" असं स्पष्ट सांगा आणि भरतीच्या सूचनेमागे जोडलेला नमुना छापून सोबत न्या. आपली जात केंद्राच्या यादीत, गुजरात राज्याखाली, आहे का तेही पाहून घ्या. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही.

4. आपली वाट कोणती ते ठरवा

बडोद्यात रेल्वेच्या इतक्या संस्था आहेत की नवख्याचा गोंधळ उडणारच. लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यातली रेल्वेची अकॅडमी आधीच निवड झालेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी. जुनी माणसं अजून तिला स्टाफ कॉलेज म्हणतात, 1952 मध्ये ती बडोद्यात आली. तिथे बाहेरून प्रवेश मिळत नाही. त्याच आवारात गतिशक्ती विश्वविद्यालय सुरू झालं. तिथे बी.टेक.ला जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश मिळतो. शिक्षण रेल्वे आणि वाहतुकीचं, पण पदवी हातात आली म्हणजे रेल्वेत नेमणूक झाली असं नाही. काही पालक त्या समजुतीवर पैसे भरतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. अधिकारी व्हायचं असेल तर रस्ता यूपीएससीतून जातो.

बाकी आपल्यासारख्यांसाठी वाटा अशा: दहावी आणि आयटीआय असेल तर अप्रेंटिस, असिस्टंट लोको पायलट, टेक्निशियन. डिप्लोमा असेल तर ज्युनिअर इंजिनिअर. बारावी किंवा पदवी असेल तर एनटीपीसी, म्हणजे तिकीट क्लार्क, स्टेशन मास्तर वगैरे. फक्त दहावी असेल तर लेव्हल-1, ज्याला सगळे अजून ग्रुप डी म्हणतात.

2024 पासून रेल्वेने भरतीचं वार्षिक वेळापत्रक जाहीर केलंय. वर्षाच्या सुरुवातीला लोको पायलट, मग टेक्निशियन, पावसाळ्यात एनटीपीसी आणि ज्युनिअर इंजिनिअर, शेवटच्या तिमाहीत लेव्हल-1. थोडं मागेपुढे होतं, पण तयारीची दिशा ठरवायला उपयोगी आहे.

5. दहावीनंतर आयटीआय आणि अप्रेंटिस

मला विचाराल तर हात चालणाऱ्या मुलामुलींसाठी ही सगळ्यात पक्की वाट आहे. तरसाळी किंवा गोरव्याच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असा ट्रेड घ्या. "रेल्वे डिप्लोमा" नावाचे खासगी कोर्स विकणारे भेटतील, त्यांचं प्रमाणपत्र या भरतीत चालत नाही.

त्यानंतर पश्चिम रेल्वेच्या रिक्रूटमेंट सेलची अप्रेंटिसची सूचना निघते. 2024 च्या सूचनेत 5066 जागा होत्या. बडोदा विभाग आणि प्रतापनगरचं वर्कशॉप, दोन्हींसाठी यातूनच मुलं घेतात. वय 15 ते 24, दहावीला किमान 50 टक्के. परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून यादी लागते. म्हणून दहावीत असलेल्यांनो, तुमचे हे गुण चार वर्षांनीही मोजले जाणार आहेत. इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा केलेल्यांना या सूचनेत अर्ज करता येत नाही. आधी कुठे अप्रेंटिसशिप केली असेल तर दुसऱ्यांदा मिळत नाही. त्यामुळे एखाद्या कारखान्यात घाईने करार करण्याआधी विचार करा.

अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे. वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि मुदत संपली की घरी. पण लेव्हल-1 च्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेच्याच आस्थापनांमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. परीक्षा त्यांनाही द्यावी लागते, मात्र स्पर्धा बरीच कमी होते. मी याच जागांमधून लागले.

आणि शिकायला काय मिळतं ते सांगते. माझ्या पहिल्या दिवशी मिस्त्रीकाकांनी मला कुठल्याही यंत्राला हात लावू दिला नाही. एका कापडावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकड असं सगळं मांडलं आणि म्हणाले, "बेटा, मोज." मी सतरा मोजले. संध्याकाळी काम आटोपल्यावर पुन्हा कापड पसरलं. सोळा निघाले. दहा नंबरचा एक पाना सापडेना. इंजिन सोडायची वेळ झाली होती, तरी काकांनी कुणालाही हलू दिलं नाही. वीस मिनिटांनी तो पाना एका पंख्याच्या जाळीमागे सापडला. "हा आत राहिला असता आणि पंखा फिरला असता तर?" एवढंच ते बोलले. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. पुरवठा बंद करून, परवाना घेऊन, तारेला अर्थिंग केल्याशिवाय इंजिनाच्या छतावर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी असंच हाताला धरून शिकवलं. हे शिक्षण कुठल्या क्लासात मिळत नाही.

1862 मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अरुंद रूळ टाकले, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढायचे. देशातली ती पहिली नॅरोगेज. तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी घरांची चूल रेल्वेवर पेटली आहे, आणि वर्कशॉपात जुन्या माणसांकडून हात शिकायची ही रीत मला त्याच साखळीतली वाटते.

6. फॉर्म स्वतः भरा

माझा पहिला फॉर्म मी एका सायबर कॅफेत भरून घेतला होता. त्या माणसाने घाईत स्वतःचा ईमेल टाकला. पुढे हॉल तिकिटाचा संदेश त्याच्याकडे गेला आणि मी परीक्षेला मुकले. तुमचाच मोबाइल नंबर, तुमचाच ईमेल टाका. रेल्वे भरतीच्या पोर्टलवर एकदा खातं उघडलं की त्यातली माहिती बदलता येत नाही, आणि पुढच्या भरत्यांनाही तेच खातं वापरायचं असतं.

सही वाहत्या अक्षरात करा. सुट्या कॅपिटल अक्षरांतली सही बाद होते. फोटो-सही ही क्षुल्लक बाब समजू नका. माझ्याच भरतीत फोटो किंवा सही अवैध ठरवून लाखो अर्ज नाकारले गेले होते. डिसेंबर 2021 मध्ये त्यांना पुन्हा अपलोड करायची संधी मिळाली. दोन वर्षांहून जास्त काळ ती मुलं टांगणीला होती.

एका भरतीत एकच मंडळ निवडा आणि एकच अर्ज करा. आपल्याकडची बहुतेक मुलं अहमदाबाद निवडतात. पश्चिम रेल्वेच्या जागा मुंबई मंडळातही असतात. दोन मंडळांत अर्ज केलात तर दोन्ही जातात, आणि निवडलेलं मंडळ नंतर बदलता येत नाही.

फी 500 रुपये, पण पहिल्या परीक्षेला हजर राहिलात तर 400 परत मिळतात. मुली, एससी, एसटी आणि इतर काही गटांना फी 250, ती पूर्ण परत येते. बँकेचा तपशील नीट भरा, नाहीतर हे पैसे अडकतात.

7. परीक्षेची भाषा

प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, गुजरातीतही आणि हिंदीतही. घरात मराठी बोलतो म्हणून डोळे मिटून मराठी निवडू नका. मी गुजराती माध्यमात शिकले. एकदा मराठीतली सराव परीक्षा घेतली, तर 'मसावि' या शब्दावर अडले. शाळेत आम्ही त्याला 'गुसाअ' म्हणायचो. गणित येत होतं, शब्द येत नव्हता. ज्या भाषेत गणित आणि विज्ञान शिकलात तीच निवडा. भाषांतरात काही शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात, म्हणून तोही बघायची सवय ठेवा.

लेव्हल-1 ला 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात. लोको पायलटच्या पहिल्या परीक्षेत 60 मिनिटांत 75. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. अभ्यासासाठी नववी-दहावीचं विज्ञान आणि गणित पक्कं करा आणि रोज एक सराव पेपर घड्याळ लावून सोडवा. महागड्या क्लासची गरज मला पडली नाही. मांडवीची सेंट्रल लायब्ररी होती.

लोको पायलटच्या अॅप्टिट्यूड टेस्टला मात्र वेगळी तयारी लागते. ती संगणकावर लक्ष, स्मरण आणि वेग तपासते. प्रत्येक भागात स्वतंत्र 42 चा टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेला गुण) लागतो, एका भागात कमी पडलात तर बाकीचे कामी येत नाहीत.

8. धावणं आणि वजन

लेव्हल-1 ला शारीरिक चाचणी असते. मुलग्यांना 35 किलो वजन उचलून 2 मिनिटांत 100 मीटर न्यायचं आणि 4 मिनिटं 15 सेकंदांत 1000 मीटर धावायचं. मुलींना 20 किलो, तेवढंच अंतर, तेवढाच वेळ, आणि 1000 मीटरसाठी 5 मिनिटं 40 सेकंद. दोन्हीला एकच संधी. वाटेत वजन खाली टेकवलं की संपलं.

मी वीस किलोच्या तांदळाच्या कट्ट्यात वाळू भरली आणि दोन महिने पहाटे पोलो ग्राउंडवर नेली. पहिल्या दिवशी चाळीस पावलांत बोटं सुटली. ताकद कमी नव्हती, पकड चुकत होती. शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या हमालकाकांनी दाखवलं: कट्टा हातांनी धरून ठेवायचा नाही, एका दमात खांद्यावर घ्यायचा आणि मान मोकळी ठेवून छोटी पावलं टाकायची. त्यानंतर मी मिनिटभरात पोचायला लागले. लेखी निकालाची वाट न बघता हा सराव आधीपासून करा. निकाल आणि चाचणी यांच्यात फार दिवस मिळत नाहीत.

9. दलाल

"टीसीत लावतो, आठ लाख" म्हणणारी माणसं प्रत्येक स्टेशनाबाहेर आहेत. 2022 च्या डिसेंबरमध्ये उघडकीला आलेलं प्रकरण घरच्यांना सांगा: तमिळनाडूतल्या 28 जणांना नवी दिल्ली स्टेशनावर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायला बसवलं होतं. त्यांना वाटत होतं हेच प्रशिक्षण. अडीच कोटींहून जास्त रक्कम त्यांच्याकडून उकळली गेली होती. नेमणूकपत्र, ओळखपत्र, शिक्के, सगळं बनावट. पैसे मागणारा काका असो की मामा, त्याला दारातूनच परत पाठवा.

10. वाट बघण्याचा काळ

मी लेव्हल-1 चा फॉर्म 2019 च्या एप्रिलमध्ये भरला. परीक्षा झाली 2022 मध्ये, रुजू झाले 2023 मध्ये. मधली वर्षं मी एका वायरिंगच्या कंत्राटदाराकडे काम केलं, घरखर्चाला हात लावला, आणि हातही गंजला नाही. तुम्हीही रिकामे बसू नका. बडोद्याजवळच्या सावली गावात अल्स्टॉम कंपनीचा रेल्वेडब्यांचा कारखाना आहे, दिल्ली मेट्रोचे बरेच डबे आणि दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्या तिथे बनल्या. दाहोदला 9000 अश्वशक्तीच्या विद्युत इंजिनांचा कारखाना 2025 च्या मे महिन्यात सुरू झाला. रेल्वेचं काम आता सरकारी शिक्क्याबाहेरही आहे, आणि आयटीआयवाल्यांना तिथे जागा असते.

माझा भाऊ आज अशाच एका कारखान्यात डब्यांच्या वायरिंगची तपासणी करतो. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा मुलगा लोको पायलटचा फॉर्म भरायचाय म्हणून माझ्याकडे आला. मी काही बोलायच्या आत भावानेच त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि डोळ्यांच्या ओपीडीत घेऊन गेला.